कुरआनातलं ‘कुटुंब’: अह्ल, आल, जौज, वलद हे शब्द कसे उलगडायचे

कुरआनातली सूरह (अध्याय) ताहा, तिची दहावी आयत (वचन) काढा. हजरत मूसा (अलै.) प्रवासात आहेत, लांबवर आग दिसते, आणि ते आपल्या ‘अह्ल’ला म्हणतात ‘उम्कुसू’, म्हणजे थांबा. आता एका ट्रान्सलेशनमध्ये इथे ‘कुटुंबीयांना म्हणाले’ असं सापडेल, दुसऱ्यात ‘घरच्यांना’, तिसऱ्यात थेट ‘पत्नीला’. बहुतेक मुफस्सिर (कुरआनाचे भाष्यकार) सांगतात की सोबत त्यांची बायको होती, काहींनी मूलबाळही धरलंय. मग क्रियापद अनेकवचनात का, एकट्या बाईला ‘थांबा’ का म्हणायचं, असं वाटून मी बराच वेळ अडकून बसलो होतो, आणि नंतर लक्षात आलं की हे तर आपल्याला नवीन नाहीच. जुनी माणसं ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ म्हणायची तेव्हा अख्खं घरदार नाही, फक्त बायको गेलेली असायची. ‘मंडळी’ म्हणायचे, तेही एकटीलाच आणि अनेकवचनात.

म्हणजे मराठी माणसाला हे शब्द समजायला अवघड नाहीत, फक्त घाई करायची नाही. कुरआनात ‘कुटुंब’ या अर्थाचा एकच ठरलेला शब्द नाहीये. आजच्या अरबीत फॅमिलीला उसरा किंवा आइला म्हणतात, यातला एकही शब्द त्या अर्थाने कुरआनात नाही. तिथे अह्ल आहे, आल आहे, जुर्रियत आहे, अशीरा (भावकी) आहे, अर्हाम (रक्ताची नाती) आहे, आणि आपण या सगळ्यांवर ‘कुटुंब’ नावाचं एकच झाकण ठेवतो. खाली जी पद्धत देतोय ती मी स्वतः वही घेऊन वापरतो. मी आलिम (धर्मशास्त्राचा जाणकार) नाही, त्यामुळे फतवा काढण्यासाठी हे नाही, वाचताना काय लिहिलंय ते नीट कळावं एवढ्यासाठीच.

पहिली पायरी: मराठी शब्द बाजूला ठेवा, अरबी शब्द पकडा

ट्रान्सलेशनमध्ये नात्याचा किंवा घराचा शब्द दिसला की आधी मूळ आयतीत तिथे नेमका कोणता शब्द आहे ते बघा. अरबी वाचता येत नसेल तरी चालतं, शब्दाखाली शब्दाचा अर्थ देणारे बरेच ॲप आहेत, आणि लीड्स युनिव्हर्सिटीत तयार झालेला कुरआनिक अरेबिक कॉर्पस फुकट बघता येतो, त्यात शब्दावर क्लिक केलं की तीन अक्षरी धातू आणि तो धातू कुरआनात जिथे जिथे आलाय त्या सगळ्या जागा समोर येतात. अह्ल हा शब्द असा सव्वाशेच्या आसपास वेळा मिळतो. सगळ्या वाचायला एक संध्याकाळ लागते, पण ती वाया जात नाही.

इथे दोन खड्डे आहेत. एक खड्डा देवनागरीचा. सूरह फुरकानमध्ये (२५:५४, म्हणजे २५ वी सूरह, ५४ वी आयत) अल्लाहने माणसाला पाण्यापासून घडवलं आणि मग त्याला ‘नसब’ आणि ‘सिह्र’ दिलं असं आलंय. हा सिह्र म्हणजे लग्नामुळे जुळलेलं नातं. पण जादूला जो सिह्र म्हणतात तो आपल्या लिपीत अगदी असाच दिसतो, अरबीत मात्र त्याची पहिली दोन्ही अक्षरं वेगळी. नुसतं देवनागरी लिप्यंतर वाचणाऱ्याची इथे गाडी घसरते. अर्थ मात्र मराठीत तयारच आहे हो: सगेसोयरे! सगे म्हणजे नसब, रक्ताचे, आणि सोयरे म्हणजे सिह्र, सोयरिकीचे. एवढा चपखल जोडशब्द हाताशी असताना लोक ‘वंश आणि विवाहसंबंध’ असं कोर्टाच्या कागदासारखं का लिहितात कोण जाणे.

दुसरा खड्डा उर्दू-हिंदीचा. आपल्या कानावरचे बरेच शब्द मूळचे अरबी, पण वाटेत अर्थ बदललेले. ‘औरत’ घ्या. कुरआनात हा शब्द बाई या अर्थाने येतच नाही, तिथे त्याचा अर्थ उघडी पडलेली किंवा झाकायची गोष्ट. सूरह अहजाबमध्ये (३३:१३) काही लोक लढाईतून पळ काढायला बहाणा करतात की आमची घरं ‘औरा’ आहेत, म्हणजे उघडी, असुरक्षित पडलीयेत. ‘अजीज’चंही तसंच. उर्दूत अजीज म्हणजे नातलग, कुरआनात मात्र जबरदस्त, सामर्थ्यवान, किंवा हजरत यूसुफच्या कथेत मिसरच्या (इजिप्तच्या) अधिकाऱ्याचा किताब. आणि ‘खानदान’ तर फारसी, तो शोधत बसू नका, मिळणार नाही.

दुसरी पायरी: एकाच सूरहमध्ये शब्द किती वेळा कूस बदलतो ते बघा

प्रॅक्टिससाठी सूरह यूसुफ घ्या, यापेक्षा चांगलं मैदान नाही. पंचविसाव्या आयतीत हजरत यूसुफ पुढे आणि अजीजची बायको मागे अशी दाराकडे धाव होते, दारापाशी नवऱ्याची गाठ पडते आणि ती त्याला म्हणते की ज्याने तुझ्या ‘अह्ल’शी वाईट करायचं मनात आणलं त्याला काय शिक्षा? इथे अह्ल म्हणजे ती स्वतः, एकटी. लगेच पुढच्या आयतीत ‘तिच्या अह्ल’पैकी एकाने साक्ष दिली असं येतं, इथे अह्ल म्हणजे तिच्याकडची माणसं. आणि शेवटाकडे (१२:९३) हजरत यूसुफ भावांना सांगतात की तुमचे सगळे अह्ल माझ्याकडे घेऊन या, म्हणजे आता पूर्ण बिऱ्हाड, म्हातारे वडील, बायकामुलं, सगळे. शब्द तोच, अर्थ तीन.

ही माणसं कुणाची ते ज्या शब्दाला अह्ल जोडलाय त्याच्यावरून कळतं. मला सोपं जातं ते असं की अह्लला मराठीतला ‘-चे’ समजायचा. घरचे, गावचे, तिच्याकडचे. अहले मदीना म्हणजे मदीनेचे लोक, अहले किताब म्हणजे किताब मिळालेले, त्यात रक्ताचं नातं काही नाही. सूरह निसामध्ये (४:३५) नवराबायकोत तेढ आली तर एक पंच त्याच्या अह्लमधून आणि एक तिच्या अह्लमधून नेमायला सांगितलंय. इथे ‘कुटुंबातून’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं एकाच घरातले दोघं बसवायचे. ‘एक त्याच्याकडचा, एक तिच्याकडचा’ म्हटलं की चित्र लगेच उभं राहतं, नाही का?

तिसरी पायरी: ‘इल्ला’ शोधा

इल्ला म्हणजे ‘सोडून’. हा छोटासा शब्द नात्याच्या शब्दांजवळ आला की थांबायचं, कारण कोणाला वगळलंय त्यावरून कोण आधी आत धरलेलं होतं ते कळतं. हजरत लूत यांना आणि त्यांच्या अह्लला वाचवलं, ‘इल्ला इमराअतहू’, बायको सोडून (७:८३). वगळावं लागलं याचा अर्थ भाषेच्या हिशोबाने बायको अह्लमध्ये येते, नाहीतर वेगळं सांगायची गरजच नव्हती.

यापेक्षा चटका लावणारी जागा सूरह हूदमध्ये आहे. हजरत नूह महापुरात मुलाला बुडताना बघतात आणि म्हणतात, या रब्ब, माझा मुलगा माझ्या अह्लपैकीच आहे आणि तुझा वायदा खरा आहे (११:४५). उत्तर येतं, तो तुझ्या अह्लपैकी नाही. आता काही जण इथून थेट निष्कर्ष काढतात की तो त्यांचा मुलगाच नव्हता. पण पाचच आयती मागे जा. चाळिसाव्या आयतीत जहाजात कोणाला घ्यायचं ते सांगताना तुझे अह्ल घे म्हटलंय, ‘इल्ला’ ज्याच्याबद्दल आधीच फैसला झालाय तो सोडून. शिवाय बेचाळिसाव्या आयतीत कुरआन स्वतः ‘नूहने आपल्या मुलाला हाक मारली’ असं सांगतो. बहुतेक मुफस्सिर म्हणूनच म्हणतात की मुलगा सख्खा, पण ज्या अह्लला वाचवायचा वायदा होता त्यात तो नव्हता. रक्त कुठेही गेलं नाही, यादीतून नाव गेलं.

आल म्हणजे काय मग

हा अह्लचाच भाऊ समजा, पण जरा ताठ मानेचा. इमाम रागिब इस्फहानी यांनी आपल्या शब्दकोशात फरक असा दिलाय की आल हा शब्द माणसाच्या नावाला लागतो, तोही नाव असलेल्या, मानमरातबाच्या माणसाच्या, गावाला किंवा काळाला लागत नाही. ‘आले मदीना’ कुणी म्हणत नाही. कुरआनात तो पंचविसेक वेळा आलाय: आले इब्राहीम, आले इमरान, आले याकूब, आले दाऊद, आले लूत.

आणि आले फिरऔन (फिरऔन म्हणजे मूसांच्या काळचा इजिप्तचा राजा)! इथे ‘घराणं’ लिहून चालत नाही. आले फिरऔन बनी इस्राईलचा छळ करत होते (२:४९), आता हे काही फक्त राजघराण्यातले चार भाऊ-पुतणे नव्हते, त्यात शिपाई आले, अधिकारी आले, सगळी यंत्रणा आली, म्हणजे फिरऔनची माणसं. पण सूरह कससमध्ये (२८:८) टोपलीतलं बाळ, म्हणजे मूसा, आले फिरऔननी उचललं, तिथे राजवाड्यातले लोक डोळ्यांसमोर येतात. तेव्हा आल दिसला की स्वतःला विचारायचं, हे नात्याने बांधलेले आहेत की मागे चालणारे आहेत? दुरूदमधल्या (नबींसाठी म्हणायच्या दुआतल्या) ‘आले मुहम्मद’चा अर्थ काय यावरही आलिमांमध्ये हीच चर्चा झालीये, आणि त्यात एक महत्त्वाचा धागा असा की बुखारीत (हदीस म्हणजे नबींची वचनं-आठवणी, त्यांच्या संग्रहात) हजरत अबू हुमैद साइदी यांच्या रिवायतीत (कथनात) दुरूदचे शब्द ‘आल’ऐवजी ‘त्यांच्या अजवाज आणि जुर्रियत’, म्हणजे बायका आणि संतती, असे आलेत.

चौथी पायरी: व्हायरल नियम तपासल्याशिवाय घेऊ नका (जौज आणि इमराअत)

हा मेसेज तुम्हालाही आला असेल. कुरआनात बायकोला ‘जौज’ म्हटलं की नवराबायकोचं मन, ईमान (श्रद्धा) सगळं जुळलेलं असतं, आणि ‘इमराअत’ म्हटलं की काहीतरी कमी असतं, एकतर ईमान जुळत नाही किंवा मूल नसतं. ऐकायला फार गोड. आणि उदाहरणंही बसतात: नूहची इमराअत, लूतची इमराअत, फिरऔनची इमराअत (६६:१० आणि ११), तिन्ही ठिकाणी ईमान वेगळं. हजरत जकरिया मूल नसताना ‘माझी इमराअत वांझ आहे’ म्हणतात (१९:५), आणि दुआ कबूल झाल्यावर अल्लाह म्हणतो की आम्ही त्याच्या ‘जौज’ला नीट केलं (२१:९०). मी पण हे वाचून खूश होऊन चार जणांना फॉरवर्ड केलं होतं, मग कॉर्पसवर यादी काढून बसलो आणि तोंडघशी पडलो.

सूरह तगाबुन (६४:१४) म्हणते की तुमच्या ‘अजवाज’ आणि मुलांपैकी काही तुमचे शत्रू आहेत. अजवाज हे जौजचंच अनेकवचन, मग जुळलेलं मन कुठे गेलं? सूरह मुजादलाच्या पहिल्याच आयतीत एक बाई आपल्या ‘जौज’बद्दल तक्रार घेऊन वाद घालतेय, तिथे जौज म्हणजे नवरा, आणि भांडण तर विकोपाला गेलेलं. आणि इमरानची इमराअत (३:३५) पोटातलं मूल अल्लाहला वाहतेय, म्हणजे ती ईमानवालीही आहे आणि गरोदरही आहे. कुणी म्हणेल तिचा नवरा तेव्हा वारला होता, पण असे टेकू लावायला लागले की समजावं नियम पक्का नाही. काही जागी शब्द निवडण्यात बारकावा आहे हे मला पटतं, जकरियांची जागा खरंच सुंदर आहे, पण तो बारकावा आहे, कायदा नाही.

मग अर्थ काय धरायचा? जौज म्हणजे जोडीतलं एक. नवऱ्यालाही जौज, बायकोलाही जौज, आणि माणसांपलीकडेही, कयामतला लोक तीन ‘अजवाज’ होतील (५६:७), म्हणजे तीन गट. ‘जोडीदार’ हा शब्द पुष्कळ ठिकाणी बसतो. इमराअत म्हणजे आधी बाई, मग कुणाच्या तरी नावाला जोडली की बायको. आपल्याकडे ‘बायका’ म्हटलं की स्त्रियाही होतात आणि पत्नीही होतात, संदर्भच ठरवतो, अरबीतला ‘निसा’ अगदी तसाच चालतो. ‘या निसाअन्नबी’ (३३:३२) म्हणजे हे नबीच्या बायकांनो, आणि सूरह निसाच्या पहिल्या आयतीत निसा म्हणजे स्त्रिया.

नवऱ्यासाठी अजून दोन शब्द आहेत. एक ‘बअल’: हजरत इब्राहीमच्या पत्नीला म्हातारपणी मुलाची खबर मिळते तेव्हा ती म्हणते, आणि हा माझा बअल तर म्हातारा झालाय (११:७२). शब्दाच्या मुळाशी मालक, धनी हा अर्थ, आपल्या ‘यजमान’ किंवा ‘मालक’सारखा, म्हणूनच हजरत इल्यास यांची कौम ज्या मूर्तीला पुकारायची तिचंही नाव बअल (३७:१२५). दुसरा ‘सय्यद’, तो सूरह यूसुफच्या त्याच दाराजवळ सापडतो: दोघांनी तिच्या ‘सय्यद’ला दारापाशी पाहिलं. तो तिचा नवरा.

आई-बाप, वाडवडील

अब म्हणजे बाप, पण फक्त जन्मदाता नाही. हजरत याकूब शेवटच्या घडीला मुलांना विचारतात की माझ्यामागे कोणाची इबादत कराल, आणि मुलं म्हणतात, तुमच्या आणि तुमच्या ‘आबा’च्या, इब्राहीम, इस्माईल आणि इसहाक यांच्या रब्बची (२:१३३). आता वंश मांडून बघा. इसहाक हे याकूब यांचे वडील, इब्राहीम आजोबा, आणि इस्माईल? ते तर काका. तिघंही ‘आबा’. मराठीतला ‘वाडवडील’ थोडाफार असा चालतो, ‘पिता’ लिहिलं की मात्र वंशावळच चुकते. हजरत इब्राहीम यांच्या ‘अब’ आजरबद्दल (६:७४) जो मतभेद आहे, बाप की काका, त्याची मुळं इथेच आहेत. शिया आलिम आणि काही सुन्नी आलिम काका म्हणतात, बाकी बहुतेक सुन्नी मुफस्सिर बापच धरतात. ‘वालिद’ आणि ‘वालिदैन’ हे शब्द मात्र जन्म देण्याच्या धातूचे, तिथे अर्थ आवळलेला आहे.

आईच्या शब्दात उलटीच गंमत. उम्म पार लांबपर्यंत जातो: मक्का म्हणजे उम्मुल कुरा, वस्त्यांची आई, आणि मूळ ग्रंथ म्हणजे उम्मुल किताब. दूध पाजणारीही उम्म (४:२३), नबीच्या बायका मोमिनांच्या उम्म (३३:६). पण बायकोला ‘तू मला आईच्या पाठीसारखी’ म्हणून दूर लोटायची जी रीत होती तिच्यावर बोलताना आयत ठणकावून सांगते, यांच्या आया त्याच ज्यांनी यांना जन्म दिला (५८:२). म्हणजे शब्द मानाने मोठा करता येतो, पण त्याचा वापर करून बाईला लटकवता येत नाही. मानलेल्या मुलाचंही तसंच. हजरत जैद बिन हारिसा यांना लोक जैद बिन मुहम्मद म्हणायचे, मग आयत आली की त्यांना त्यांच्या बापाच्या नावाने हाक मारा (३३:५). सांभाळ करण्याला मनाई नाही, नाव बदलायला आहे.

पाचवी पायरी: जिथे शब्दाला हिशोब जोडलाय तिथे दुप्पट सावध

वलद आणि इब्न. इब्न म्हणजे मुलगा. वलद म्हणजे मूल, लेकरू, त्यात मुलगी आलीच. वाचताना हा फरक किरकोळ वाटतो, वारशाच्या आयतीत तो थेट आकड्यांना हात घालतो. सूरह निसा (४:१२) सांगते, बायको वारली आणि तिला ‘वलद’ नसेल तर नवऱ्याला निम्मा हिस्सा, वलद असेल तर पाव. समजा तिला एकच मुलगी आहे. तुम्ही वलदचं भाषांतर ‘मुलगा’ केलंत तर नवरा निम्मा घेऊन जातो. खरा हिस्सा पाव, कारण मुलगीही वलद आहे. एका शब्दाने पाव मिळकत इकडची तिकडे!

त्याच आयतीत पुढे अजून एक गाठ आहे. ज्याच्यामागे आई-बापही नाहीत आणि मूलही नाही त्याला ‘कलाला’ म्हणतात, आणि अशाला भाऊ किंवा बहीण असेल तर प्रत्येकाला सहावा हिस्सा, जास्त असतील तर सगळे मिळून तिसऱ्यात वाटेकरी. पण सूरहच्या शेवटच्या आयतीत (४:१७६) पुन्हा कलाला, पुन्हा बहीण, आणि तिला चक्क निम्मा. मग हे काय? शब्द दोन्हीकडे तेच, पण आलिमांचं एकमत असं की पहिल्या जागी आईकडून सावत्र, म्हणजे आई एक बाप वेगळे, आणि दुसऱ्या जागी सख्खे किंवा बापाकडून असलेले भाऊबहीण. नुसती डिक्शनरी उघडून हे कधीच कळलं नसतं. म्हणून वाटणीचा प्रश्न खरोखर घरात उभा असेल तर ॲप बंद करा आणि जाणकाराकडे जा.

जुर्रियत हा शब्द यांच्याही पुढचा, संतती, पिढ्यान् पिढ्या. मुलीकडून आलेली नातवंडं यात येतात का? याचा एक किस्सा तफसीरच्या पुस्तकांत येतो. हज्जाज या उमय्यद सुभेदाराने यहया बिन यामर या आलिमांना दरडावून विचारलं की हसन-हुसैन (नबीची मुलगी फातिमा हिचे मुलगे) नबीच्या जुर्रियतमध्ये आहेत असं तू म्हणतोस, कुरआनातून दाखव. त्यांनी सूरह अनआम वाचली (६:८४ आणि ८५), जिथे इब्राहीमच्या जुर्रियतमध्ये नावं येतात, दाऊद, सुलैमान, आणि पुढे ईसा. ईसांना बाप नाही, ते आले ते मरयमकडून. हज्जाज गप्प झाला, म्हणाला खरंय.

काका, आत्या, मामा, मावशी यांच्यासाठी काही करायचं नाही, अरबीत चारही वेगळे आहेत, अम्म, अम्मा, खाल, खाला, आणि मराठीतही चारही वेगळे. इंग्रजीवरून भाषांतर करणारे मात्र इथे हमखास पडतात. सूरह नूरच्या ६१ व्या आयतीत कुणाकुणाच्या घरी जेवायला हरकत नाही त्याची लांबलचक यादी आहे, हे चौघं त्यात आहेत, आणि मित्राचंही घर आहे. यादीत मुलाचं घर नाही हे लक्षात आलं का? मुफस्सिर म्हणतात, ते सुरुवातीच्या ‘तुमची घरं’मध्येच आलं, मुलाचं घर ते आपलंच.

भाऊ या शब्दाची एक जागा दाखवतो. आद नावाच्या लोकांकडे नबी म्हणून ‘त्यांचा भाऊ’ हूद पाठवला, समूदकडे ‘त्यांचा भाऊ’ सालेह, मदयनकडे ‘त्यांचा भाऊ’ शुऐब (७:८५). सूरह शुअरामध्येही नूह, हूद, सालेह, लूत, सगळ्यांच्या वेळी ‘त्यांचा भाऊ’ म्हटलंय. मग अयकावाल्यांची पाळी येते (२६:१७७) आणि फक्त ‘शुऐब त्यांना म्हणाले’, भाऊ गायब. मुफस्सिर इब्ने कसीर म्हणतात, अयका हे झाड, ते लोक त्याला पुजायचे, लोकांचा उल्लेखच त्या झाडाच्या नावाने केलाय, म्हणून तिथे भाऊपणा तोडला. दुसरे काही म्हणतात शुऐब त्या लोकांच्या वंशाचे नव्हतेच. काहीही धरा, पण शब्द नसणं हेसुद्धा वाचायचं असतं.

शेवटी सगळं एकत्र: ३३:३३

आता ज्या आयतीवरून सर्वात जास्त वाद घातला जातो ती घ्या आणि वरच्या पायऱ्या लावा. शब्द: अहलल बैत. कुरआनात अजून कुठे? हजरत इब्राहीमच्या पत्नीला फरिश्ते म्हणतात, तुमच्यावर अल्लाहची रहमत, हे अहलल बैत (११:७३). आणि मूसांची बहीण म्हणते, या बाळाला सांभाळेल असं एक ‘अहले बैत’ दाखवू का (२८:१२), म्हणजे एक घर.

आजूबाजूला बघा. २८ व्या आयतीपासून बोलणं नबीच्या बायकांशी चाललंय, क्रियापदं स्त्रीलिंगी अनेकवचनी. ३३ व्या आयतीचा पहिला अर्धा भागही तसाच, आपल्या ‘बुयूत’मध्ये म्हणजे घरांमध्ये राहा. मग अचानक सर्वनाम पुल्लिंगी होतं: अल्लाहला तुमच्यापासून, हे अहलल बैत, अस्वच्छता दूर करायचीये. ३४ वी आयत परत स्त्रीलिंगी.

सुन्नी आलिम सहसा म्हणतात, बायका यात आहेतच, संदर्भच त्यांचा आहे, आणि सर्वनाम पुल्लिंगी कारण घरात स्वतः नबी (स.) पण आले, शिवाय ११:७३ मध्येही समोर एक बाई असताना सर्वनाम पुल्लिंगी अनेकवचनीच आहे. शिया आलिम म्हणतात, सर्वनाम बदललं म्हणजे माणसं बदलली, आधी ‘घरं’ अनेकवचनी होती आणि इथे ‘घर’ एकवचनी झालं, आणि हे ते पाच जण, नबी, अली, फातिमा, हसन, हुसैन. चादरीची हदीस दोन्हीकडे आहे: सहीह मुस्लिममध्ये (हाही हदीससंग्रह) नबीच्या पत्नी हजरत आयशा सांगतात की नबींनी काळ्या चादरीत या चौघांना घेतलं आणि हीच आयत वाचली. तिर्मिजीच्या संग्रहात नबीच्या पत्नी हजरत उम्मे सलमा विचारतात, मीही यांच्यासोबत आहे का, आणि उत्तर मिळतं, तू तुझ्या जागी आहेस, तू भलाईवर आहेस. हे उत्तर ‘तू आधीच आत आहेस’ म्हणून वाचणारे आहेत आणि ‘तुझी जागा वेगळी’ म्हणून वाचणारेही आहेत. सहीह मुस्लिममध्येच हजरत जैद बिन अरकम यांना कुणी विचारतं की बायका अहले बैत नाहीत का, आणि एका रिवायतीत ते म्हणतात, आहेत, पण ज्यांना सदका (दान) घेणं मना आहे ते अहले बैत, आणि मग अली, अकील, जाफर आणि अब्बास यांच्या ‘आल’ची नावं घेतात. म्हणजे अह्लचा अर्थ सांगायला परत आल.

वहीत मी या आयतीसमोर ‘घरचे’ असं लिहिलं होतं, ते खोडलं, मग ‘नबीचं घराणं’ लिहिलं, तेही खोडलं. आता तिथे अरबी शब्द आहे तसाच ठेवलाय, ‘अहले बैत’, खाली दोन ओळी, एकीत सुन्नी मत आणि दुसरीत शिया मत, आणि बाजूला बाण काढून ११:७३.